पारसिक डोंगरावरच्या ‘नरबळी’च्या व्हिडिओबद्दल खुलासा

कळवा, ऐरोली, बेलापूरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: दगडांखाली गाडलेली बाई, दगड हलताहेत, मागे किंकाळ्या. सोबत मजकूर, ‘पारसिक डोंगरावर नरबळी, पोरं सांभाळा.’

हे आपल्याकडचं नाही. क्युबात जन्मलेल्या आना मेंडिएटा या कलाकार स्त्रीची ही फिल्म आहे, ‘बरियल पिरॅमिड’. १९७४ साली मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, यागुल इथल्या प्राचीन अवशेषांत सुपर ८ कॅमेऱ्यावर ती चित्रित झाली. दगडांखाली आना स्वतःच आहे. ती खोल श्वास घेते तशी छाती वरखाली होते आणि दगड एकेक करून घरंगळतात. आपलंच शरीर आणि माती, दगड, फुलं घेऊन मातीशी नातं शोधणं, हेच तिचं काम होतं. मला तरी त्यात मरण नाही, जमिनीतून उठणारा जीव दिसतो.

मूळ फिल्मशी व्हिडिओ ताडून पाहिला; दृश्यं तीच आहेत. फिल्म मूक आहे, म्हणजे किंकाळ्या नंतर कुणीतरी जोडल्यात.

डोंगरावरच्या वस्तीतली माणसं यामुळे विनाकारण संशयाखाली येतील, याची मला खरी काळजी वाटते. कृपया हा व्हिडिओ पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.