सासुरवाडीचा हप्ता

फेब्रुवारीचा पगार थोडा कमी जमा झाला, तेव्हा मी शहाण्यासारखा गप्प बसलो. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं तेवढीच मर्यादा घालून दिली आहे, हे ज्ञान मी डबा खाताना दोघांना ऐकवलंसुद्धा. कमी आले होते १,२८०. त्यातल्या १०० रुपयांचा हिशेब लागला, एवढ्यावर मी खूश.

मार्चमध्ये घरभाड्याच्या पावत्या वेळेत न दिल्यामुळे टीडीएसनं पगाराचा असा काही फडशा पाडला, की त्यात हजारभर रुपये शोधणं म्हणजे पुरात चप्पल शोधणं.

एप्रिलमध्ये मात्र पगारपत्रक उघडलं. तिसऱ्या प्रयत्नात, कारण पासवर्डमध्ये पॅनची अक्षरं कॅपिटल की स्मॉल हे दरवेळी विसरतो. कपातीच्या रकान्यात पीएफ, व्यवसाय कर, टीडीएस आणि त्यांच्या खाली अगदी घरच्यासारखी बसलेली एक ओळ: ‘मेडिक्लेम, सासू-सासरे, १,१८०’.

हजार रुपये हप्ता, १८० जीएसटी. हिशेब चोख होता. फक्त माझं लग्न झालेलं नाही.

हे मी घरी बोललो, ही चूक.

“आई, माझ्या पगारातून सासू-सासऱ्यांच्या विम्याचे पैसे कापतायत.”

कणीक मळणारा हात थांबला. “कोणाच्या सासू-सासऱ्यांच्या?”

“माझ्या.”

“मुलगी कुठली?” तिनं इतक्या हळव्या आवाजात विचारलं, की क्षणभर मलाच अपराधी वाटलं. रात्री मावशीचा नाशिकहून फोन. “रजिस्टर केलंस म्हणे. आम्ही काय नाही म्हणणार होतो?”

ऑफिसात तक्रारीचं तिकीट काढलं. दोन दिवसांनी मेल आली: ‘आपल्या शंकेचं निरसन झालं आहे. आम्हाला किती तारे द्याल?’ निरसन कुठं झालं ते कळेना, म्हणून चौथ्या मजल्यावर एचआरमध्ये गेलो. तिथली मुलगी फार गोड बोलते. वाईट बातम्या तिच्याकडेच का देतात, हे मला त्या दिवशी समजलं.

“सर, तुम्ही, मिसेस आणि मुलं कंपनीच्या खर्चानं. आई-वडील किंवा सासू-सासरे, कुठलीही एकच जोडी, तुमच्या खर्चानं. तुम्ही सासू-सासरे घेतलेत.”

“मी नाही घेतले.”

“काढायचे असतील तर आता पुढच्या जानेवारीत, सर. मुदत ३१ जानेवारीला संपली.”

“अहो, पण मुळात आहेत कुठे काढायला?”

तिनं स्क्रीनवर नियम वाचला. “मधेच काढायचे तर मृत्यूचा दाखला लागेल, नाहीतर घटस्फोटाचा हुकूमनामा.”

“दोन्ही नसेल तर?”

“मग ते पॉलिसीत सुखरूप आहेत, सर.”

शेजारच्या टेबलावरच्या एका जाणकारानं सल्ला दिला, की २०१९ च्या वेतन संहितेचं १८वं कलम बघ, पगारातून काय काय कापता येतं त्याची यादीच आहे. बघितली. दंड, गैरहजेरी, नुकसानभरपाई, घरभाडं, आगाऊ उचल, सगळं आहे. न झालेल्या लग्नाचे सासरे नाहीत. हे सगळं मी तीन परिच्छेदांच्या मेलमध्ये लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘आपल्या भावनांची आम्ही कदर करतो. अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं.’

पूर्वी हे काम १०० च्या स्टॅम्पवर भागायचं. ऑक्टोबर २०२४ पासून तो गेला, आता ५०० चाच. नोटरीसाहेबांनी मजकूर वाचला आणि चष्मा वर करून हसले. असा कागद लोक परदेशात लग्न करायला जाताना नेतात म्हणे. “अभिनंदन! कुठली पोरगी? जर्मनीची?” मी एचआरची म्हणालो. त्यांनी फी कमी केली नाही.

मग अचानक, माझ्या कागदामुळे नव्हे, चूक सापडली. एक्सेलमध्ये माझ्या वरच्या ओळीत बसणाऱ्या सहकाऱ्यानं सासू-सासरे निवडले होते. कोणीतरी एक रकाना एका ओळीनं खाली सरकवला आणि त्याची सासुरवाडी माझ्या गळ्यात पडली. पॉलिसीत नावं त्याच्याकडे, हप्ता माझ्याकडे. त्याला तीन महिने पगार जास्त येत होता. त्याला वाटलं, पगारवाढ झाली. बोलला तर काढून घेतील म्हणून तोही माझ्यासारखाच शहाणा, गप्प!

मे महिन्यात ३,५४० रुपये परत आले. ते ‘इतर भत्ता’ म्हणून आले, म्हणजे मिळकत झाली, म्हणजे २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. ७३६ रुपये गेले. त्यासाठी नवं तिकीट काढलं आहे.

सहकारी मात्र मनाचा चांगला. पेढे घेऊन घरी आला. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्येच झालं होतं, विम्यातून, विनारोकड. “तुमच्यामुळे त्यांना स्वच्छ दिसतंय,” म्हणाला. आई पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होती.

“त्यांना किती मुली?” तिनं विचारलं.

“दोन. धाकटीचं अजून व्हायचंय. पुण्यात विमा कंपनीत आहे.”

“कुठल्या कामाला?”

“क्लेम नामंजूर करते.”

आईनं त्याला आग्रहानं जेवायला थांबवलं आहे.