‘ताणाने मेंदूच्या पेशी मरतात’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला: ‘ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल नावाचं विष तयार होतं. ते मेंदूच्या पेशी मारतं. गेलेल्या पेशी आणि गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. म्हणून ताण घेऊच नका!’ जणू ताण कोणी हौसेने घेतो.

आधी ते ‘विष’. कॉर्टिसॉल रोज सकाळी, जाग येण्याच्या सुमारास, सर्वांत जास्त असतं. ताण असो वा नसो. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं तयार होत नाही. तेव्हा ते गोळीतून रोज द्यावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं.

आता पेशी. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्यूएन यांनी १९६८मध्ये दाखवलं, की उंदरांच्या मेंदूत कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे त्यांच्यात कॉर्टिसॉलचं काम करणारं संप्रेरक (हार्मोन), नेमकं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, जाऊन चिकटतं. पुढे कित्येक आठवडे ते भरपूर टोचल्यावर तिथल्या पेशी कमी झालेल्याही दिसल्या. मेसेज तिथेच अडकलाय. नंतर उंदरांना तीन आठवडे रोज ताण देऊन पाहिलं, तेव्हा पेशी जागच्या जागी होत्या. आखडल्या होत्या त्या त्यांच्या फांद्या, म्हणजे इतर पेशींकडून निरोप घेणारे धागे. ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढल्या. माणसांतही असाच धागा सापडतो. २००९च्या एका अभ्यासात मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिळून निघालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं जड जात होतं. परीक्षेनंतर महिनाभराने ते इतरांच्या बरोबरीला आले.

आणि स्मरणशक्ती ‘गेली’ म्हणजे काय? परीक्षेतला तो क्षण आठवा. उत्तर उजव्या पानावर होतं, खाली आकृती होती, आकृतीशेजारी आपणच पेन्सिलीने फुली मारली होती. सगळं दिसतंय, फक्त शब्द येत नाहीत. पेपर देऊन जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर अख्खं उत्तर धडाधड आठवतं. आठवण होतीच, काढता येत नव्हती. २०००मध्ये एका प्रयोगात लोकांना आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायला सांगितले, त्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची (शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं) गोळी देऊन. त्यांना शब्द कमी आठवले. हीच गोळी पाठ करण्याआधी दिली, तर फरक पडला नाही. उलट अपघातासारखा प्रसंग ताणामुळेच वर्षानुवर्षं ठळकपणे लक्षात राहतो, हे तर मेसेजच्या गावीही नाही.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे, पण मेसेज भलतीकडेच बोट दाखवतो. बंगळुरूला मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण दिलेल्या उंदरांच्या अमिग्डालात, भीती सांभाळणाऱ्या भागात, डोकावलं. तिथे फांद्या आखडण्याऐवजी वाढल्या होत्या! २१ दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस मूळपदावर आला, अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली. उंदरांवरून माणसांबद्दल छातीठोकपणे बोलू नये, मान्य. तरी संकट टळून महिने उलटलेत, विसरभोळेपणाही ओसरलाय, आणि अवेळी फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं, असं कुणी सांगितलं की मला ते उंदीर आठवतात.