पाणी यांचं, धबधबा आमच्या भिंतीवर

आज परत तेच. पहाटे साडेपाचला नळ आले, शेजारच्यांनी मोटर लावली आणि झोपले परत. सव्वासहाला त्यांची टाकी भरली, आणि मग चाळीस मिनिटं वरून धो धो पाणी आमच्या मागच्या भिंतीवर, तिथून गल्लीत, गल्लीतून नालीत. मी खालून ओरडतेय, "भाऊ, मोटर बंद करा हो!" कोणी ऐकेल तर शपथ.

एकदा इतकी चिडले की त्यांच्या पाइपाखाली आमची 20 लिटरची बादली लावून घड्याळ बघत उभी राहिले. दीड मिनिटात भरली. आता करा हिशोब, 40 मिनिटांत सव्वीस-सत्तावीस बादल्या, म्हणजे पाचशे लिटरच्या वर पाणी नुसतं नालीत! आणि इथे मी आरओचं टाकाऊ पाणी बादलीत धरून त्यात फरशी पुसतेय, फ्लशच्या टाकीत पाण्याची भरलेली बाटली ठेवलीय की दर वेळी तेवढं एक लिटर तरी वाचेल, भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला. आमचे हे मला पाणी वाचवण्यावर व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड पाठवतात आणि स्वतः दाढी करताना बेसिनचा नळ चालूच, तो विषय वेगळा, त्यावर मी नंतर कधीतरी लिहीन.

तर मी गेले सांगायला. म्हणे, "वहिनी, पाण्याचे पैसे भरतो ना आम्ही!" पैसे?? आमच्या गल्लीत मीटर कुठेय, एक बादली वापरा नाहीतर शंभर, महिन्याला तेवढेच पैसे. आणि हे पाणी काय यांच्या अंगणातल्या विहिरीचं आहे का, सत्तर किलोमीटरवरनं जलूदहून नर्मदा पंप करकरून घाट चढवून आणतात इंदुरात, त्याला वीज किती लागत असेल याचा विचार तरी करा. 1970 मध्ये याच शहरातले लोक नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले होते तेव्हा कुठे 1978 मध्ये पाणी आलं. सासूबाई सांगतात, त्याआधी घागर घेऊन तासन्‌तास लाइनीत उभं राहावं लागायचं. आताही एक दिवसाआड येतंय म्हटल्यावर लाज नको वाटायला?

आणि सगळ्यात मोठा राग याचा येतो की उपाय किती सोपा आहे! टाकीत फ्लोटचा बॉल लावला की काम खतम. टाकी भरली की बॉल वर येतो आणि पाणी आपोआप बंद. (मोटर चालू राहते, पण ती जळेल तर यांची, माझी नाही.) दोनशे रुपयांचा बॉल. मी शेवटी वैतागून स्वतःच बाजारातून आणून दिला यांना, संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर, की घ्या आणि लावा. शेजारच्या वहिनी "अय्या, कशाला त्रास घेतला" म्हणाल्या, चहासुद्धा पाजला, पोहे खायचा आग्रह केला.

दोन महिने झाले. बॉल अजून पिशवीतच आहे, त्यांच्या ओटल्यावर चपलांच्या रॅकपाशी, मला आमच्या गॅलरीतून रोज दिसतो. आणि आमच्या भिंतीला ओल धरून प्लास्टर सुटायला लागलंय. त्याचे पैसे कोण भरणार, भाऊ?