पैसे मिळाले ना, मग रडता कशाला?

आज सकाळी अंबाझरीला फिरताना आमच्या ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या, "शेतकऱ्यांचं बरं आहे बाई, सरकार जमीन घेतं अन् करोडपती करून सोडतं." तिथे मी काहीच बोलले नाही. घरी येऊन केलेला चहा तसाच गार झाला, म्हणून लिहायला बसले.

माझ्या मामाची सहा एकर संत्र्याची बाग एका प्रकल्पात गेली, 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याने. झाडांची मोजणी होणार कळल्यावर मामाने दोन दिवस खपून प्रत्येक खोडावर गेरूने नंबर टाकले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, गेरूचा डबा माझ्या हातात. मोजणीवाल्यांनी फळावर न आलेली कलमं सरळ सोडून दिली. मामा त्यांच्या मागे मागे फिरत होता, "साहेब, याले पुढच्या साली अंबिया बहार येते जी." कोणी मान वर केली नाही.

मोबदला मिळाला. दोन लग्नं, घर, वकील, संपला. मग रस्ता झाला आणि त्याच शिवारात जमीन चौरस फुटाने विकू लागली. मामाच्या एकरभर जमिनीच्या मोबदल्यात तिथे एक प्लॉट आला नसता! भाव चढला तो त्याच्याच जमिनीचा, आणि त्यात वाटा नाही तो फक्त त्याचाच.

2013 चा कायदा आला, मोबदला वाढला, मान्य. पण माणूस गावातून उठतो तो उठतोच.

दुसरा मार्ग आहे लँड पूलिंगचा. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते, नाल्या, शाळा, बगिच्याची जागा काढतात आणि उरलेली आखून प्रत्येकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे परत देतात. जमीन कमी होते, पण सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही. हे काही आभाळातून पडलेलं नाही. हेच करणाऱ्या नगररचना योजनेचा कायदा आपल्याकडे 1915 पासून आहे. अहमदाबादने अशाच योजनांतून रस्ते काढले. पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जवळपास 400 एकर एकत्र करून स्वतःच शहर उभं केलं.

हो, अमरावतीचं माहीत आहे, आंध्रातली. 2015 मध्ये शेतकऱ्यांनी 30 हजार एकरांहून जास्त जमीन दिली, 2019 मध्ये सरकार बदललं आणि काम पाच वर्षं ठप्प राहिलं. समृद्धी महामार्गालाही आपल्या लोकांनी पूलिंग नाकारून थेट खरेदी घ्यायला लावली. त्यांना दोष कसा देऊ? विश्वासच उरला नव्हता. आणि बागेत तोडीला येणाऱ्या भूमिहीन बायांना यातही काही मिळत नाही, हे मला सलतं.

तरी मी पूलिंगच्याच बाजूने आहे. आता हिंगण्याकडे नवीन नागपूर होणार म्हणतात. तिथेही कोणाची तरी बाग असेल, कोणीतरी गेरू कालवत असेल.

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एकाच्या गावात पूलिंगची बोलणी निघाली. तो कागद घेऊन मामाकडे आला. मामाने चष्मा लावून अख्खा वाचला, मग विचारलं, "प्लॉट कोनत्या तारखेले भेटते, हे कुठं लिवलं आहे?"

तारीख कुठेच नव्हती. मामाने कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.