"एक एनव्हीएमई घ्या आणि विषय संपवा" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, मी लिहिलं होतं की डेटाबेस सर्व्हरला रेड ५ लावू नका, रेड १० घ्या (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धती) आणि लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी नोंद होते ती फाइल, शक्यतो वेगळ्या व्हॉल्यूमवर (सर्व्हरला वेगळी डिस्क म्हणून दिसणाऱ्या जागेवर) ठेवा. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे सगळं फिरत्या डिस्कच्या जमान्यातलं आहे, आज एक एनव्हीएमई (न फिरणारी, वेगवान फ्लॅश डिस्क) घ्यायची, भरपूर रॅम टाकायची, सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं, उगाच लोकांना खर्चात पाडू नका. खर्चाचा मुद्दा काढलात म्हणूनच उत्तर लांबतंय, कारण लोकांचे पैसे भलत्याच जागी जाताना मी नेहमी बघतो आणि ते मला मनापासून खटकतं.

तुमचं पटतं ते आधी. लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवायचं जुनं कारण म्हणजे डिस्कचं हेड, फिरत्या तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग. लॉग ओळीने लिहिला जातो, डेटा फाइल्समध्ये मात्र इकडून तिकडे उड्या असतात, दोन्ही एकत्र असले की हेड नुसतं पळत राहतं. एनव्हीएमईला हेडच नाही, त्यामुळे ते कारण तिथे उरत नाही, मान्य. क्लाउडवर मात्र मी आजही लॉग वेगळा ठेवतो, कारण तिथे प्रत्येक व्हॉल्यूमचा आयओपीएसचा (सेकंदाला किती रीड-राइट) कोटा वेगळा असतो आणि कोणीतरी मोठा रिपोर्ट लावला किंवा चेकपॉइंट (मेमरीतले बदल डेटा फाइल्समध्ये उतरवणं) जोरात सुरू झाला तरी कमिटच्या (व्यवहार पक्का करण्याच्या) वाट्याचं कोणी खात नाही. फक्त मग दोन्ही व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट (त्या वेळच्या प्रती) एकाच क्षणाचे घ्यावे लागतात, वेगवेगळ्या वेळेचे घेतलेत तर त्यातून डेटाबेस उभा राहीलच याची खात्री नाही.

आता रॅम. रॅमने डिस्कवरच्या रीड टळतात, नेहमी लागणारा डेटा मेमरीत मावला की डिस्ककडे जायची वेळच फारशी येत नाही. पण कमिटचं काय? पोस्टग्रेस डेटाबेस असो नाहीतर मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन, डिफॉल्ट सेटिंगला कमिट म्हणजे लॉगमध्ये नोंद लिहायची, एफसिंक मारायचा (डेटा खरोखर डिस्कवर उतरव असा हुकूम), आणि डिस्क "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं, तोवर युजरची स्क्रीन अडकलेली. हे थांबणं कितीही रॅम टाकली तरी कमी होत नाही. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) फिरत्या डिस्कला एक फेरी मारायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मधे कॅश (तात्पुरती मेमरी) नसेल तर एका कनेक्शनवरून एकामागून एक कमिट सेकंदाला जेमतेम १२०. (खूप कनेक्शन असली तर बरेच कमिट एकाच एफसिंकमध्ये उरकतात, त्यामुळे एकूण आकडा वाढतो, पण प्रत्येकाचं थांबणं तेवढंच राहतं.)

एनव्हीएमईच्या बॉक्सवर लाखो आयओपीएस छापलेले असतात ना, ते ढीगभर रिक्वेस्ट एकदम रांगेत लावून मोजलेले असतात. कमिट म्हणजे एक छोटी राइट, मग फ्लश (कॅशमधलं खाली उतरवणं), मग वाट बघणं, त्याचा त्या आकड्याशी फारसा संबंध नाही. डेस्कटॉपसाठीच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये लाइट गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवायला कपॅसिटर नसतात, त्यामुळे फ्लश आला की डेटा खरोखर फ्लॅशवर उतरवावा लागतो आणि तिथे वेग कितीतरी पटीने खाली येतो. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाला सर्व्हरचा ड्राइव्ह डेटा कॅशमध्ये आला की लगेच "झालं" म्हणू शकतो, कारण लाइट गेली तरी तेवढं लिहून टाकण्यापुरती वीज त्याच्याकडे असते. पैसे टाकायचे तर इथे टाका, कपॅसिटी थोडी कमी घ्या.

रेड कंट्रोलरवरच्या (रेडच्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावरच्या) कॅशचंही असंच आहे. एका पतसंस्थेचा सर्व्हर बघायला गेलो होतो, तक्रार अशी की काउंटरवर एंट्री सेव्ह केली की स्क्रीन अडकते, आणि व्हेंडरने सांगितलेलं की सर्व्हर जुना झाला, बदला. आयओस्टॅट (डिस्कवरचा लोड दाखवणारं टूल) लावून बघितलं तर रीडला काही त्रास नाही, राइटचा अवेट (थांबण्याचा वेळ) मात्र भयंकर वाढलेला. कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे कंट्रोलर स्वतःहून राइट-बॅक (कॅशमध्ये आलं की "झालं" म्हणणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिल्यावरच "झालं" म्हणणं) गेलेला आणि प्रत्येक राइट थेट रेड ५ च्या डिस्कवर जात होती. बॅटरी बदलली, एंट्री पटापट सेव्ह व्हायला लागल्या, नवीन सर्व्हरचा खर्च टळला.

रेड ५ ला माझा विरोध का, तर त्याचं गणित बघा. छोटी राइट करायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, म्हणजे एका राइटला चार ऑपरेशन. रेड १० ला दोन (दोन डिस्कवर तीच प्रत), रेड ६ ला सहा (तिथे पॅरिटी दोन). समजा ८ डिस्क आहेत, प्रत्येकी १५० आयओपीएस, एकूण १२००. नुसत्या राइट असतील तर रेड १० ला ६००, रेड ५ ला ३००, रेड ६ ला २००. सत्तर टक्के रीड, तीस टक्के राइट धरलं तर रेड १० ला साधारण ९२०, रेड ५ ला ६३०. एसएसडी लावली म्हणून हे प्रमाण बदलत नाही, मूळ आकडा मोठा असल्याने ते जाणवत नाही एवढंच. त्यामुळे रात्री एकदा डेटा भरायचा आणि दिवसभर वाचायचा असा रिपोर्टिंगचा डेटाबेस असेल तर एसएसडीवर रेड ५ खुशाल लावा, मी अडवणार नाही. बिलिंगच्या, बँकिंगच्या डेटाबेसला नको. आणि तुम्ही म्हणता तशी एकटी एनव्हीएमई तर कुठेच नको, ती गेली की शेवटच्या बॅकअपनंतरचं सगळं गेलं, निदान दोन घेऊन मिरर करा.

क्लाउडचा अजून एक मुद्दा, कारण "क्लाउडवर तर एनव्हीएमईच मिळते" असंही तुम्ही लिहिलंय. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मशीनला जोडलेली लोकल एनव्हीएमई फास्ट असते खरी, पण मशीन स्टॉप केलं की तिच्यावरचा डेटा जातो. कायम टिकणारं ईबीएस व्हॉल्यूम नेटवर्कवरून येतं. त्यातलं जीपी२ (व्हॉल्यूमचा जुना प्रकार) दर जीबीला ३ आयओपीएस देतं, म्हणजे १०० जीबीला ३००, पण सुरुवातीला जमा असलेल्या क्रेडिटवर ते अर्धा तास ३००० ने पळतं. लोक त्या अर्ध्या तासात टेस्ट करतात, खूश होतात, आणि नंतर खऱ्या लोडखाली क्रेडिट संपलं की सिस्टिम बसते आणि शिव्या डेटाबेसला पडतात. जीपी३ ला (नव्या प्रकाराला) आकार कितीही लहान असला तरी ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी थ्रूपुट कायम मिळतं, अजून जीपी२ वर असाल तर आधी तेवढं बदला.

तुमच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस आहे म्हणालात, तर त्याच्यासोबत पीजी टेस्ट एफसिंक नावाचं छोटं टूल येतं. लॉग ज्या व्हॉल्यूमवर आहे तिथली फाइल देऊन ते चालवा, गर्दी नसताना, दोनेक मिनिटांचं काम आहे. त्यात एफडेटासिंकच्या (एफसिंकचाच एक प्रकार) ओळीत सेकंदाला किती ऑपरेशन येतात ते इथे टाका, सोबत ड्राइव्हचं मॉडेल लिहा आणि मधे रेड कंट्रोलर असेल तर त्याची कॅश राइट-बॅकवर आहे की राइट-थ्रूवर तेही. आकडा चांगला आला तर तुमच्या लोडला आहे तेच सेटअप पुरेसं आहे का ते आपण इथेच बघू.