बस्टर कीटनला आवाजाने संपवलं, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर एक मजकूर फिरत असतो. सोबत चपट्या हॅटमधल्या, न हसणाऱ्या एका माणसाचा फोटो. मजकुराचा सारांश असा: बस्टर कीटन हा मूकपटांचा बादशहा होता. बोलपट आले, त्याचा आवाज लोकांना आवडला नाही, नवं तंत्र त्याला जमलं नाही, आणि एका रात्रीत त्याचं काम थांबलं. तो दारूत बुडाला. शेवटी कंगाल होऊन, सगळ्यांच्या विस्मरणात गेला. खाली तात्पर्य: जो काळाप्रमाणे बदलत नाही, तो संपतो. हल्ली त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा संदर्भ जोडून तो ऑफिसच्या ग्रुपवरही येतो.

मला हा मजकूर खटकतो, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि ज्या माणसावर अन्याय झाला त्यालाच त्यात दोषी ठरवलेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आवाज. कीटनचा जन्म 1895चा, कॅन्ससमधला. आईवडील फिरते रंगमंच कलाकार. चालता-बोलता येऊ लागल्यापासून तो त्यांच्याबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा मिश्र खेळांच्या रंगमंचावर होता. ‘थ्री कीटन्स’ या त्यांच्या खेळात बाप पोराला अक्षरशः उचलून फेकायचा. धरायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना मागे मूठ शिवलेली असायची. अशा रंगमंचावर वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला प्रेक्षकांसमोर बोलायची भीती वाटेल, हे मुळातच पटण्यासारखं नाही. त्याचा आवाज खर्जातला, किंचित घोगरा होता, आणि तो त्याच्या चेहऱ्याला शोभायचा. 1930च्या ‘फ्री अँड ईझी’मध्ये तो बोलतो, गातो, नाचतो. त्या सिनेमात खटकण्यासारखं पुष्कळ आहे, पण आवाज नाही.

प्रेक्षकांनी पाठ फिरवली, हेही खरं नाही. एमजीएम या हॉलीवूडच्या बड्या कंपनीने त्याला घेऊन काढलेले बोलपट चालले. त्यातल्या काहींनी त्याच्या आज अजरामर मानल्या जाणाऱ्या मूकपटांहून जास्त गल्ला जमवला. ‘साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क’ (1931) त्याला स्वतःला अजिबात आवडत नव्हता, पण तो जोरात चालला. उलट ‘द जनरल’ हा 1926चा मूकपट, ज्याला आज जगातल्या उत्तम सिनेमांत गणतात, तो आला तेव्हा आपटला होता. आणखी एक गोष्ट. त्या काळात डबिंगची सोय नीट नव्हती, म्हणून एमजीएमने त्याच्या काही बोलपटांच्या परदेशी आवृत्त्या वेगळ्या चित्रित केल्या. कीटन स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन वाक्यं उच्चार ऐकून पाठ करायचा आणि तोच प्रसंग पुन्हा त्या भाषेत करायचा. ज्याच्या आवाजाची अडचण आहे, त्याच्यावर कोणती कंपनी असा खर्च करेल?

दुसरा आरोप मला सगळ्यात जास्त बोचतो: नवं तंत्र त्याला जमलं नाही. 1917मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाच्या सेटवर तो पहिल्यांदा गेला, तेव्हा त्याने पहिली चौकशी केली ती कॅमेऱ्याची. तो आतून कसा चालतो ते उघडून पाहिलं. त्या कुतूहलाचं फळ पाहायचं तर 1921चा ‘द प्लेहाउस’ पाहा. रंगमंचावर नऊ माणसं ओळीने आहेत आणि नऊही कीटन आहेत. काँप्युटर सोडा, प्रयोगशाळेतली जोडाजोडही नाही. सगळं कॅमेऱ्याच्या आत केलेलं. भिंगासमोर अरुंद उभ्या झडपा असलेली एक पेटी बसवली. एक झडप उघडायची, बाकी बंद. कीटनने पहिल्या जागी उभं राहून नाच करायचा. मग फिल्म मागे गुंडाळायची, दुसरी झडप उघडायची, कीटनने दुसऱ्या जागी जायचं. असं नऊ वेळा, एकाच फिल्मवर. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे एल्गिन लेस्ली या कॅमेरामनला नऊही वेळा हाताचा वेग तोच ठेवावा लागला, आणि कीटनला नऊही वेळा त्याच ठेक्यावर पाय टाकावे लागले. एका फेरीत जरा चूक झाली असती, तर आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया. हा शॉट आज थांबवून थांबवून पाहिला तरी नऊ कीटनांमधले सांधे दिसत नाहीत.

‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (1924) तो थिएटरच्या पडद्यात शिरतो आणि त्याच्याभोवतीची दृश्यं बदलत जातात: बाग, रस्ता, कडा, वाळवंट, समुद्र. तो मात्र प्रत्येक वेळी पडद्यावर तिथल्या तिथे राहतो. त्यासाठी कॅमेरा आणि नट यांच्यातलं अंतर जमीन मोजणाऱ्यांच्या उपकरणांनी मोजून, प्रत्येक जागी तंतोतंत तेच ठेवलं गेलं. तंत्रज्ञानाला घाबरणारा माणूस असली कामं करत नाही. आवाजाचंही तसंच. 1929चा ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट म्हणून करावा, अशी त्याची स्वतःची इच्छा होती. नाही म्हणाली ती एमजीएम. आवाज ध्वनिमुद्रित करायची यंत्रणा तेव्हा मोजकीच होती आणि ती त्याच्या वाट्याला आली नाही. म्हणजे बदलायला तयार कोण होतं?

मग झालं काय? इथे तारखा नीट लावून पाहायला हव्यात, कारण सगळा गोंधळ त्यांच्याच अदलाबदलीतून होतो.

1920पासून कीटनकडे हॉलीवूडमध्ये एक छोटा स्टुडिओ होता. ‘त्याचा’ म्हणायचे, नावही त्याचंच, पण मालकी त्याची नव्हती. कारभार निर्माता जोसेफ शेंकचा. शेंक त्याचा साडूही होता. नॉर्मा टालमॅज ही शेंकची बायको आणि तिची बहीण नॅटली ही कीटनची. कीटनला पगार मिळायचा आणि नफ्यातला वाटा, पण कंपनीत समभाग नव्हते आणि स्वतःच्या सिनेमांवर हक्कही नव्हता. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड या त्याच्या काळातल्या दुसऱ्या दोन मोठ्या विनोदी नटांनी आपल्या सिनेमांची मालकी हातात ठेवली. कीटनला पैशांच्या कागदपत्रांत कधी रस वाटला नाही. त्याच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा मला इथेच होतो.

त्या स्टुडिओत पक्की पटकथा नसायची. सुरुवात ठरायची, शेवट ठरायचा, मधलं काम करता करता सापडेल असा विश्वास. क्लाइड ब्रकमन, जाँ हावे, जोसेफ मिचेल ही मंडळी एका खोलीत बसून विनोदाच्या जागा शोधायची. अडलं की सगळे बेसबॉल खेळायला बाहेर पडायचे आणि खेळता खेळता कुणाला तरी काही सुचायचं. फ्रेड गॅबरी हा सेट आणि यंत्रं बनवणारा माणूस. कीटनने काहीही मागितलं तरी तो उभं करून द्यायचा. एखाद्या ठिकाणी अचानक काही वेगळं दिसलं तर गोष्टच तिकडे वळवायची मुभा होती. या पद्धतीने 1920 ते 1923 या काळात 19 लघुपट झाले आणि 1923 ते 1928 या काळात दहा मोठे सिनेमे. ‘द जनरल’साठी ओरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ खरा पूल जाळून त्यावरून खरं इंजिन नदीत पाडलं. दुसरा टेक शक्यच नव्हता. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (1928) घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो वाचतो, कारण माडीची उघडी खिडकी बरोब्बर त्याच्या डोक्यावरून खाली येते. भिंत खरी जड होती, कारण हलकी असती तर वाऱ्याने वळली असती. खिडकी आणि त्याचं अंग यांत काही इंचांचंच अंतर होतं. पाय कुठे ठेवायचे याची खूण जमिनीवर केलेली, आणि तो तिथून हलला नाही.

‘द जनरल’वर साडेसात लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला होता आणि तो वसूल झाला नाही. पुढचा सिनेमाही अपेक्षेइतका चालला नाही. शेंकने स्वतंत्र निर्मिती थांबवायचं ठरवलं आणि कीटनला एमजीएमकडे जायला सांगितलं. एमजीएमच्या पालक कंपनीचा प्रमुख होता निकोलस शेंक, म्हणजे जोसेफचाच भाऊ. जाऊ नकोस, असं चॅप्लिनने सांगितलं, लॉइडनेही सांगितलं. कीटनने 1928च्या सुरुवातीला आठवड्याला तीन हजार डॉलरवर सही केली. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं पुढे तो स्वतः म्हणत असे. ही सही झाली तेव्हा त्याने एकही बोलपट केलेला नव्हता. ‘फ्री अँड ईझी’ यायला अजून दोन वर्षं होती. पगार गलेलठ्ठ होता, पण त्याचा स्टुडिओ, त्याची माणसं आणि त्याची पद्धत हे सगळं गेलं.

तरीही एमजीएममधला पहिला सिनेमा ‘द कॅमेरामन’ (1928) सुंदर आहे, आणि तोही मूकपट. त्यात तो न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना टिपायला जातो, तर स्टेडियम रिकामं. संघ परगावी गेलेला. मग तो एकटाच खेळू लागतो. चेंडू फेकतो, मागे वळून न दिसणाऱ्या खेळाडूंना खुणा करतो, स्वतःच फटका मारतो, धावत सुटतो, घसरत शेवटच्या ‘होम’ बेसवर पोचतो आणि नसलेल्या प्रेक्षकांना अभिवादन करतो. चेंडू नाही, बॅट नाही, दुसरा माणूस नाही, आणि तरी मैदानावर काय चाललंय ते सगळं आपल्याला दिसतं. हे होऊ शकलं, कारण तिथे त्याला अजून थोडी मोकळीक मिळत होती. नंतर ती संपली. प्रत्येक दृश्य आधी कागदावर, संवाद दुसऱ्यांचे, विनोद शब्दांचे. धोक्याचे स्टंट बंद, कारण महागडा नट जायबंदी झालेला कंपनीला परवडणार नव्हता. शेवटी त्याला जिमी ड्युरँटीबरोबर जोडीने उभं केलं. एक सतत बडबडणारा आणि एक गप्प राहून हसवणारा. दोघांपैकी कुणाचंच त्यात भलं झालं नाही.

दारूबद्दल मजकूर खोटं बोलत नाही. तो प्यायचा, भयंकर प्यायचा. सेटवर न येण्यापर्यंत मजल गेली. 1932मध्ये नॅटलीशी घटस्फोट झाला. मुलगे दुरावले आणि त्यांचं आडनावही बदललं गेलं. 1933च्या सुरुवातीला एमजीएमने त्याला काढलं, 1934मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळं दुःखद आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण क्रम लक्षात घ्या. आधी काम करण्याचं स्वातंत्र्य गेलं, मग घर मोडलं, मग नोकरी गेली. यात प्रेक्षकांनी आवाज नाकारल्याची पायरी कुठेच नाही. काढलं तेव्हाही त्याचे सिनेमे पैसे मिळवत होते.

आणि ‘काम थांबलं’ म्हणजे काय? 1934 ते 1937 या काळात त्याने एज्युकेशनल पिक्चर्स या कंपनीसाठी 16 लघुपट केले. 1939 ते 1941मध्ये कोलंबियासाठी आणखी दहा. बजेट तुटपुंजं, दर्जा कमी-जास्त, पण काम सुरू होतं. ज्या एमजीएमने काढलं, तिथेच तो 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात विनोदाच्या जागा सुचवणारा म्हणून परतला, सुरुवातीला आठवड्याला शंभर डॉलरवर. मार्क्स बंधू, रेड स्केल्टन अशा विनोदी नटांसाठी त्याने काम केलं. स्केल्टनच्या ‘अ सदर्न यँकी’मधला सर्वात गाजलेला प्रसंग कीटनचा. अमेरिकन यादवी युद्धात नायक दोन सैन्यांच्या मधोमध सापडतो. त्याच्या गणवेशाची एक बाजू उत्तरेची, दुसरी दक्षिणेची. हातातला झेंडाही तसाच दुतोंडी. दोन्हीकडचे सैनिक त्याचा जयजयकार करतात, आणि तेवढ्यात वारा फिरतो. यात संवादांची गरजच पडत नाही. नाव मात्र स्केल्टनचं झालं. मजकूर लिहिणाऱ्यांना ही वर्षं दिसत नाहीत, कारण तो पडद्यामागे होता.

1940मध्ये त्याने एलिनॉर नॉरिस या नर्तकीशी लग्न केलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. 1947मध्ये पॅरिसच्या सर्क मेद्रानो या सर्कशीत त्याने खेळ केले. 1949मध्ये ‘लाइफ’ मासिकात समीक्षक जेम्स एजीचा मूक विनोदपटांवरचा लेख आला आणि लोक त्याला पुन्हा शोधू लागले. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. हॉलीवूडमधली कितीतरी मोठी मंडळी टीव्हीकडे नाक मुरडत होती, तेव्हा हा ‘न बदलणारा’ माणूस तिथे पोचलेला होता. 1952च्या ‘लाइमलाइट’मध्ये तो चॅप्लिनबरोबर एकाच दृश्यात आहे.

कंगाल? 1950च्या दशकात पॅरामाउंटने त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढला. सिनेमा वाईट आणि चुकांनी भरलेला होता, पण हक्कांचे 50 हजार डॉलर मिळाले आणि त्यातून त्याने वुडलँड हिल्सला घर घेतलं. अंगणात कोंबड्या पाळल्या, बागेत खेळण्यातली रेल्वे टाकली. पाहुण्यांना खाऊ त्या रेल्वेतून यायचा. विस्मरणात? 1960च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला मानद पुरस्कार मिळाला. 1964मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या ‘द रेलरॉडर’साठी रुळांवरून छोटी गाडी हाकत देशभर फिरला. 1965मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात लोकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या. 1 फेब्रुवारी 1966 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, आपल्याच घरी, बायको जवळ असताना. त्याचा शेवटचा मोठा हॉलीवूडपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

मजकुराच्या काही आवृत्त्यांत असंही असतं की हसायचं नाही, अशी अट त्याच्या करारात होती. आपण गंभीर राहिलो तर लोक जास्त हसतात, हे त्याला लहानपणीच रंगमंचावर कळलं होतं. चेहरा तिथून आला. आर्बकलबरोबरच्या 1917च्या ‘कोनी आयलंड’मध्ये तो चक्क खो खो हसतो.

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांनी ‘द कॅमेरामन’ आणि ‘फ्री अँड ईझी’ लागोपाठ पाहावेत. नट तोच, कंपनी तीच, मध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर. दुसऱ्या सिनेमात त्याचा आवाज ऐका आणि मग त्याला करायला काय दिलं आहे ते पाहा.