‘एकही मुसलमान निषेध करत नाही’ हे खोटं आहे

युरोपात कुठे हल्ला झाला की आपल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: ‘एकही मुसलमान निषेध करत नाही. केला तरी तो तोंडदेखला. मवाळ मुसलमान असलेच तर मूठभर, त्यांचा उपयोग शून्य.’

निषेध करत नाहीत? ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजवर हल्ला झाला. दोनच दिवसांत १३०हून जास्त इमाम आणि धर्मगुरूंनी जाहीर केलं, की हल्लेखोरांच्या जनाज्याची नमाज आम्ही पढणार नाही. ही नमाज साऱ्या समाजाचं कर्तव्य मानली जाते. ती नाकारणं म्हणजे तिरडीला खांदा द्यायला गावाने नकार देणं.

मग हे आपल्या कानावर का येत नाही? २०१३ मध्ये लंडनच्या वुलिच भागात ली रिग्बी या सैनिकाचा खून झाला. मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनने त्याच दिवशी धिक्कार केला. टीव्हीवाल्यांनी मात्र मुलाखतीला बोलावलं कट्टर प्रचारक अंजेम चौधरीला, धिक्कार करायचं टाळणाऱ्यालाच. आयसिसला पाठिंबा द्या म्हणून सांगितल्याबद्दल २०१६ मध्ये तो तुरुंगात गेला.

तोंडदेखला? १९ जून २०१७, रमजान. मध्यरात्र उलटून गेलेली, लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये तरावीहची (रमजानमधली रात्रीची) नमाज पढून लोक बाहेर पडलेले. एकाने मुसलमानांना मारायचं म्हणून त्यांच्या अंगावर व्हॅन घातली. एकाचा जीव गेला. लोकांनी त्या चालकाला जमिनीवर दाबून धरलं, मारायला हात उठले, तेव्हा इमाम मोहम्मद महमूद मध्ये पडले. याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावत पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला वाचवलं. आपली माणसं रस्त्यावर विव्हळत असताना! याला तोंडदेखलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मूठभर? आपल्याच लोकांना उघडपणे अंगावर घेणारे थोडे असतात, हे मान्य. कारण त्याची किंमत फार मोठी आहे. २०१६ मध्ये ग्लासगोत, ख्रिस्ती शेजाऱ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा देणाऱ्या एका अहमदी (बरेच मुसलमान ज्यांना मुसलमान मानत नाहीत, त्या पंथाच्या) दुकानदाराला, त्याची धार्मिक मतं खटकली म्हणून ब्रॅडफर्डहून आलेल्या माणसाने ठार केलं. बर्लिनमध्ये स्त्री-पुरुष एकत्र नमाज पढतील अशी मशीद २०१७ मध्ये काढणाऱ्या सेयरान अतेश पोलीस संरक्षणात वावरतात. आपल्याकडे १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, त्यात बायका सातच होत्या. त्यांना कुणी निरुपयोगी म्हणेल का?

परवा तो मेसेज पुन्हा आला, तेव्हा मी त्याच्याखाली त्या इमामांची बातमी टाकली. तुम्हीही टाका.